शुद्ध आणि स्वाभाविक

रायपूरच्या कचेरीत इंग्रजी मसुदा लिहिताना आम्हां मराठी मंडळींची दृष्टी व्याकरणावर खिळलेली असते. परंतु निर्दोष वाक्य स्वाभाविक असतेच असे नाही. चहाला ‘पॉवरफुल’ म्हटल्याने कोणताही नियम मोडत नाही. तरी इंग्रज ‘स्ट्राँग’च म्हणतो, जसे आपण ‘कडक’ म्हणतो, ‘कठीण’ नव्हे. हे ज्ञान ती भाषा ज्यांची, त्यांनाच विचारून मिळते. मराठीभाषी माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पुढे ‘दासबोध’ हिंदीत नेला. परभाषेचे विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही. मग आपल्या इंग्रजीसाठी जी क्षमा आपण गृहीत धरतो, ती मोडके मराठी बोलणाऱ्या छत्तीसगढी शेजाऱ्याला हसून नाकारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?