पिंडदान सोडले, आता देहदानाची भीतीही सोडू

मूत्रपिंड दिले तर पुढल्या जन्मी त्यावाचून जन्मावे लागेल, अशी भीती आपल्या घरांतही ऐकू येते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण श्राद्ध, पिंडदान सोडले. तथागतांनी नित्य आत्मा नाकारला. मग भीती कशाची?

मेंदू मृत झालेल्या माणसाची दोन मूत्रपिंडे दोघांना डायलिसिसमधून सोडवू शकतात. पुष्कळांत ती दहा वर्षे व अधिकही चालतात. डायलिसिसवर राहण्यापेक्षा आयुष्य सहसा वाढते. रक्तगट जुळवतात, जात विचारीत नाहीत.

१९९४ च्या कायद्यानुसार आप्तांची संमती लागते. यंत्राच्या आधाराने हृदय चालू दिसते, म्हणून त्या घडीला मन धजत नाही. तेव्हा बंधुभगिनींनो, आपली इच्छा आजच घरात सांगून ठेवा. हीच खरी करुणा. जय भीम!