आजचं चिंतन : 'वय झालं' म्हणण्याआधी



आजचं वाचन द्रोणपर्वातलं. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायचंच, नाहीतर अर्जुनाचा अग्निप्रवेश. याहून कडक डेडलाइन कुठली? आणि नेमके तेव्हाच घोडे थकतात. श्रीकृष्ण भर रणांगणात रथ सोडतो, स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगातले बाण काढतो, अंग चोळतो, पाणी पाजतो. अर्जुन तोवर पायी उभा राहून शत्रूला थोपवतो.

वाचताना आमच्या सक्करदऱ्यातली वरातीची घोडी आठवली. मालकाशी माझी चहाच्या टपरीवरची ओळख. मागच्या उन्हाळ्यात घोडी पार खंगली होती. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून खाली पडायचे. विचारलं तर काका म्हणाले, "आता वय झालं ना जी तिचं. बावीसची झाली." माया कमी नव्हती. तिला चारा टाकल्याशिवाय स्वतः न जेवणारा माणूस तो.

माझा एक मित्र जनावरांचा डॉक्टर आहे. त्यानं तिचं तोंड उघडून पाहिलं. घोड्याचे दात वर्षानुवर्षं हिरडीतून वर सरकत राहतात आणि चावून झिजतात. झीज असमान झाली की कडा धारदार होतात. गाल, जीभ कापतात. भूक आहे, पण चावता येत नाही! त्यानं कानशीनं कडा घासल्या, भिजवून मऊ केलेलं खाणं सांगितलं. म्हणाला, "वय हा आजार नाही रे. नागपूरच्या मे महिन्यातही म्हाताऱ्या घोड्याचे लांब केस झडले नाहीत, तरी लोक वयच म्हणतात. बहुतेक वेळा तो ग्रंथीचा आजार असतो."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रोज पाहतो जी तिला. तोंडात कधी पाहिलंच नाही."

मला माझी आजी आठवली. जेवण टाळायची. आम्हीही 'वय झालं' म्हणून मोकळे. कवळी टोचत होती, हे किती महिन्यांनी कळलं!

मग प्रश्न पडतो : माहीतच नव्हतं, तर दोष कसला? मला वाटतं, पहिल्या दिवशी नाही. पण जो जीव बोलू शकत नाही, त्याचं दुखणं शोधणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे. बाण तरी दिसतो. दाताची धार हात लावल्याशिवाय कळत नाही.

कुणी म्हणेल, कृष्णाला ते घोडे पुढे लागणारच होते. खरंय. म्हणून सोबत गीतेच्या १७व्या अध्यायातला २०वा श्लोक वाचा. परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं दान सात्त्विक. वरातीत नाचू न शकणारी घोडी आपल्याला काय परत देणार? आपली खरी परीक्षा तिथेच.

आजची साधना छोटीशी. घरात, गोठ्यात, गल्लीत ज्याचं 'वय झालंय', त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा. कसं खातो, कसा उठतो, नीट बघा. आणि गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥