रिकाम्या माळाचे चित्र

चित्र काढावे की काढू नये, हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही. मुलाच्या हातात रंगांची पेटी दिसली की घरातले कुणी बुजुर्ग विचारतातच, "बेटा, जानदार चीज तर काढत नाहीस ना?" या विचारण्यामागे एक हदीस आहे. तसवीर काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. जो आकृती घडवील त्याला तिच्यात प्राण फुंकायला सांगितले जाईल आणि ते त्याला कधीच जमणार नाही, हा रसूलुल्लाह (स.) यांचा इशारा त्यांनी त्याला ऐकवला. तो माणूस भेदरून गेला. तेव्हा इब्ने अब्बास म्हणाले की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ.

या विषयावर उलेमांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. झाड, डोंगर, पाणी, माळ यांच्या चित्राला मात्र बहुतेकांनी मुभा दिली आहे. आमचा प्रश्न या मुभेच्या पुढचा आहे. जो माळ आपण रिकामा म्हणून रंगवतो, तो खरोखर रिकामा असतो का?

कोन हे पनवेल तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. पूर्वेकडे प्रबळगड, कलावंतिणीचा सुळका, इर्शाळगड आणि त्यांच्या मागे माथेरानची रांग. दक्षिणेकडे कर्नाळ्याचा अंगठा. पावसाळा सरला की आम्ही काही जण या बाजूने चालत निघतो. खांद्याला झोळी, झोळीत चित्रवही, मऊ शिशाची पेन्सिल, जलरंगांची लहानशी डबी आणि पाण्याची बाटली. एवढ्या सामानात दिवस निघतो. भाद्रपदात उतारांवर सोनकी पिवळी होते, दिवाळीनंतर गवत सोनेरी पडते, आणि होळीच्या सुमारास जळलेल्या गवताचे काळे पट्टे उमटतात. एकाच उताराला वर्षातून तीन वेगळे रंग मिसळावे लागतात.

चालता चालता चित्र काढण्याचा खरा लाभ चित्र हा नव्हेच. फोनने छायाचित्र घेणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. पेन्सिल घेतलेल्याला तासभर बसावे लागते. सह्याद्रीचा काळा पत्थर थरांवर थर रचल्यासारखा आडवा आहे, हे बसल्यावर कळते. जवळची तपकिरी टेकडी दूर गेल्यावर निळी का होते, हेही तेव्हाच सुचते. कुरआनात जमिनीवर फिरा आणि सृष्टीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असा आदेश आहे. तेथे फिरणे आणि पाहणे ही दोन्ही कामे जोडूनच सांगितली आहेत. अल्मुसव्विर, म्हणजे रूप देणारा, हे अल्लाहचे नाव आहे. आपण रूप देत नाही. दिलेले रूप नीट पाहतो, इतकेच. या पाहण्यात इबादतीचा अंश आहे, असे आम्ही मानतो.

आपल्याच मराठी मुलखात या पाहण्याला आयुष्य वाहणारा एक मुसलमान चित्रकार होऊन गेला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. ते गावी परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, तरी राहणी फकिराची. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडे, तोच उजेड पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली ते गेले. दूरचा रम्य देखावा शोधत हिंडण्यापेक्षा आपल्या पायाखालची जागा जन्मभर पाहत राहणे, हा त्यांचा धडा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दमास्कसच्या जामा मशिदीत आठव्या शतकाच्या आरंभी, खलिफा वलीद यांच्या काळात, सोनेरी पार्श्वभूमीवर रंगीत तुकड्यांची चित्रे जडवली गेली. त्यांत नदी आहे, डेरेदार झाडे आहेत, घरे आणि महाल आहेत. माणूस मात्र एकही नाही. तरीही ते चित्र ओसाड वाटत नाही, कारण घर आहे म्हणजे कुणी राहणारा आहे. माणसाची आकृती टाळणे आणि माणसाला वगळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली श्रद्धेची बाब आहे. दुसरी बेपर्वाईची.

हा भेद किती जड आहे, हे आमच्या भागाला १९ जुलै २०२३ च्या रात्री कळले. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ही वाडी. गाडीरस्ता नसल्याने मदत करणाऱ्यांनाही पावसात, चिखलात पायीच चढावे लागले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. इर्शाळच्या सुळक्याची चित्रे आणि छायाचित्रे कितीतरी जणांनी काढली होती. त्यांपैकी किती जणांच्या कागदावर ती वाडी होती?

कुणी म्हणेल, कागदावर वाडी काढली असती तर दरड थांबली असती का? नसती. त्या माणसांना सुरक्षित जागा आणि रस्ता हवा होता, चित्र नव्हे. हे उत्तर खरे आहे आणि चित्रकाराने ते विसरू नये. पण माणूस आधी नजरेतून गळतो आणि मग नकाशातून. नकाशात जो माळ पडीक दिसतो, त्यावर कुणाची गुरे चरतात, कुठल्या पाणवठ्यावर हंडे भरतात, हे तेथे उमटत नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. खुद्द कोनमध्ये आता उंच इमारती आहेत. तेथल्या २,४१७ घरांची सोडत २०१६ साली गिरणी कामगारांसाठी निघाली. विमानतळ नको, घरे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला डोंगराची निळाई ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. पण जे गेले ते रिकामे नव्हते, एवढी साक्ष कुणीतरी द्यायला हवी. इस्लाममध्ये साक्ष लपवणे हा गुन्हा मानला आहे.

म्हणून ज्याला श्रद्धेपोटी माणसाची आकृती काढायची नाही, त्याच्यावर उलट अधिक जबाबदारी येते. त्याने पायवाट काढावी. पायवाट हजारो पावलांची सही असते. कौलातून निघणारा धूर काढावा, भाताची उडवी काढावी, दारातली चप्पल काढावी. पानाच्या मागे तारीख लिहावी आणि वाडीचे नाव तेथल्याच माणसाला विचारून लिहावे. विचारण्यासाठी सलाम-नमस्कार करावा लागतो, दोन शब्द बोलावे लागतात, पाणी मागून प्यावे लागते. एवढ्यानेच तो देखावा कुणाचे तरी घर होऊन जातो.

जमीन ही अल्लाहची अमानत आहे, हे वाक्य आपण तकरीरींत पुष्कळदा ऐकतो. अमानत सांभाळायची तर आधी ती काय आहे आणि तिच्यावर कोण जगते, हे ठाऊक हवे. हातात चित्रवही घेऊन पायी चालणाऱ्याला हे जाणून घ्यायची फुरसत मिळते. ती फुरसत केवळ सुंदर रंगांवर खर्च झाली, तर चित्र चांगले उतरेल. साक्ष मात्र अपुरी राहील.