दोन दिवसांची बॅग आणि मधमाशी



आजचं वाचन श्रीमद्‌भागवत, अकरावा स्कंध, आठवा अध्याय. अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतोय आणि आज पाळी मधमाशीची आहे. (याच स्कंधावर नाथांचं एकनाथी भागवत आहे, १५७३ साली काशीत पूर्ण झालेलं.)

अवधूत मधमाशीकडून दोन गोष्टी शिकतो. पहिली, फुलाफुलातून थोडंथोडं घ्यायचं. भिक्षूनेही तसंच घरोघरी थोडं घ्यावं, कुठल्याच घराला जड होऊ नये. आपला 'माधुकरी' शब्द यातलाच. दुसरी, संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये. हात हेच ताट आणि पोट हीच कोठी. साठवत बसलं तर मधमाशीसारखं पोळ्यासकट जायची वेळ येते.

आता जोडून सुट्टी येतेय आणि तुमच्यातले निम्मे महाबळेश्वरला एखादं कॉटेज बुक करून बसले असणार. दोन दिवस, चार माणसं, सहा बॅगा! म्हणून आज बॅग भरण्यावरच बोलू.

एक आधीच सांगते. न साठवण्याचा नियम भिक्षूसाठी आहे, तुम्हा-आम्हा संसारी माणसांसाठी जसाच्या तसा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथली माणसं जूनच्या आधी लाकूडफाटा, धान्य भरून ठेवतात. ती बेगमी, तिला कुणी हाव म्हणत नाही. तेव्हा 'मी अपरिग्रही' म्हणत जुलैत एका टी-शर्टवर जाऊ नका. मग रात्री कुडकुडत मैत्रिणीची शाल मागाल आणि ती बिचारी थंडीत झोपेल. फुलाला जड झालातच ना!

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुक्यात काहीच वाळत नाही. जीन्स एकदा भिजली की परत येईपर्यंत ओलीच राहते, म्हणून पातळ ट्रॅकपँट घ्या. मोजे मात्र जास्तच न्या. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि पावसाळ्यात दगड ओले, गारठलेले असतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी जिथे येतं, तिथे पाय गार पडले म्हणून दर्शन उरकू नका. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे कधी कधी दव गोठतं, पण दुपारी ऊन चांगलं असतं. तेव्हा एका जाडजूड जॅकेटपेक्षा दोन पातळ स्वेटर बरे. एप्रिल-मेमध्येही रात्रीसाठी एक स्वेटर हवाच. टॉर्च, रोजची औषधं आणि घाटात मळमळणाऱ्यांची गोळी बारा महिने लागते. गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत ठेवून पसरणी घाटात काय उपयोग? पांघरुणं, गरम पाणी, किटली यांचं मात्र आधी फोन करून विचारा. तिथे आहे तेच आपण घरून वाहून नेतो.

एवढ्याने एक बॅग भरते. मग बाकीच्या पाच कशाने भरतात? 'असू दे'ने. फोटोसाठी वेगळा ड्रेस असू दे. त्यावरच्या सँडल असू देत. लॅपटॉप असू दे, ऑफिसातून फोन आलाच तर! (आठवडाभर जप करताना फोन बाजूला ठेवणारे तुम्ही, इथे डगमगता.)

आणि हा 'असू दे' उचलतं कोण? गाडी वर उभी राहते, कॉटेज बरेचदा खाली उतारावर असतं. मध्ये शेवाळलेल्या दगडी पायऱ्या. पाऊस असतो. तुम्ही छत्री उघडेपर्यंत तिथले काका एक बॅग डोक्यावर, एक हातात घेऊन निघालेलेही असतात. वय तुमच्या बाबांएवढं. आपण 'काका, राहू दे' म्हणतो, ते हसतात, आणि जाताना आपण शंभरची नोट देतो. नोट द्यायलाच हवी. पण न घातलेल्या सँडल त्यांच्या मानेवरून खाली गेल्या आणि परवा तशाच वर येणार.

मला वाटतं, अवधूताच्या दोन्ही गोष्टी इथे एकच होतात. साठा माझा असतो, पण ओझं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी. घरीही हेच. 'असू दे' म्हणून घेतलेलं आवरत कोण बसतं, आई की कामाच्या मावशी?

तर आज रात्री बॅग भरलीत की ती स्वतः उचला आणि लिफ्ट सोडून तीन मजले चढा. धाप लागली तर तिथेच जिन्यात बसून उघडा आणि काय काढता येतं ते बघा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मात्र काढू नका.

उद्या हत्ती.

राम कृष्ण हरी.