चारुलतेची दुर्बीण

परक्याच्या मनात किती शिरावे, हा प्रश्न कथाकाराला सहसा पडत नाही. निवेदकाचा तो गृहीत अधिकारच असतो. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’चा (१९०१) निवेदक तर, अमल गेल्यावर चारूने संसाराच्या तळाशी शोकासाठी खोदलेले गुप्त दालनही आपल्याला दाखवून आणतो. सत्यजित राय यांनी ‘चारुलता’मध्ये (१९६४) हा अधिकार घेतला नाही. झोपाळ्यावरच्या चारूच्या हाती त्यांनी छोटी दुर्बीण दिली. तिच्यातून ती शेजारच्या खिडकीतील, मूल कडेवर घेतलेली स्त्री पाहते, मग अमलला पाहते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटते. काय, ते राय सांगत नाहीत.

चित्रपटात मन उथळ होते ही तक्रार (मीही ती केलेली आहे) येथे लटकी पडते. चारूला स्वतःलाच जे पुरते उमगलेले नाही, ते तिच्या वतीने उच्चारून टाकणे हा तिच्यावरचा अन्यायच ठरला असता. याची किंमत मात्र चित्रपटाने मोजली आहे. शोकाचे ते दालन पडद्यावर नाहीसे होते. उरतो तो अमलचे पत्र आल्यानंतरचा आकांत. आणि तो, अवचित परतलेला भूपती पाहतो.