पांढऱ्या चॉकलेटचा वर्ग कोणता?

पांढऱ्या चॉकलेटमध्ये साखर, दूध पावडर आणि कोको बटर असतं. कोको बटर ही कोकोच्या बियांतून काढलेली चरबी. ती सुटी आयात केली, तर सीमाशुल्काच्या दरपत्रकात अठराव्या, म्हणजे कोकोच्याच प्रकरणात, १८०४ या हेडिंगखाली येते. तिच्यात साखर आणि दूध मिसळून वडी पाडली, की वडीची रवानगी सतराव्या प्रकरणातल्या १७०४ मध्ये होते. ते हेडिंग आहे कोको नसलेल्या साखरेच्या मिठाईचं. अन्नसुरक्षेचे नियम मात्र तिला पांढरं चॉकलेट म्हणतात ते तिच्यात किमान २० टक्के कोको बटर असेल तरच. न्हावा शेवाला उतरलेल्या एकाच खोक्याला एक कायदा कोकोमुळे नाव देतो, दुसरा कोको नाही म्हणून जागा देतो.

यातलं खरं कोणतं?

वर्ग वस्तूतच असतो की माणूस तो तिच्यावर ठेवतो, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतकं वाद झाला. न्याय-वैशेषिकांच्या मते सगळ्या गाईंमध्ये ‘गोत्व’ नावाचं नित्य सामान्य खरोखरच असतं. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी ते नाकारलं. ‘गाय’ म्हणजे जे जे गाय नाही ते वगळणं, एवढंच, हाच अपोह. दरपत्रक वाचताना दिङ्नाग पदोपदी आठवतात. १७०४ कोको वगळून ठरतं, १८०५ ची कोको पावडर साखर वगळून. प्रकरणांच्या टिपांमध्येही काय समाविष्ट नाही तेच बऱ्याचदा आधी येतं.

कुमारिल भट्टांनी अपोहावर नेमका आक्षेप घेतला होता: गाय काय हे आधी ठाऊक नसेल, तर गाय नसलेलं वगळणार कसं? इथेही कोको म्हणजे काय हे ठरल्याशिवाय ‘कोको नसलेली’ या शब्दांना अर्थ येत नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा त्याचं उत्तर देतात: कोको बटरला इथे कोको मानू नये. हे उत्तर बीज फोडून सापडलेलं नाही, देशोदेशींच्या प्रतिनिधींनी ते ठरवलं आहे.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी खऱ्या सामान्याला आड येणाऱ्या सहा बाधा सांगितल्या. त्यांतली एक संकर. दोन वर्ग एकमेकांशिवायही आढळतात आणि एखाद्या वस्तूत एकत्रही येतात, तेव्हा ती खरी सामान्यं नव्हेत, उपाधी, म्हणजे वस्तूवर बाहेरून लावलेले धर्म, आहेत. चॉकलेट आणि कोको नसलेली मिठाई हे दोन्ही वर्ग पांढऱ्या चॉकलेटमध्ये एकत्र येतात, म्हणून ते उपाधीच ठरतात. पण उपाधी म्हणजे खोटेपणा नव्हे. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण पाचकत्वाचं: आचारी असणं ही उपाधी आहे, तरी आचारी रांधतो ते खरंच असतं.

दरपत्रकाच्या अर्थनिर्णयाचा तिसरा नियम या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. मिश्र माल दोन हेडिंगांत बसत असेल, तर अधिक नेमकं हेडिंग घ्यावं. त्यानं भागलं नाही तर मालाला त्याचं मूळ स्वरूप देणारा घटक पाहावा. तेही जमलं नाही, तर क्रमानं शेवटी येणारं हेडिंग लावावं. या शेवटच्या पायरीत मोठा प्रामाणिकपणा आहे. वस्तूचा स्वभाव आपल्याला कळला असा दावाच ती करत नाही.

अकोल्यातल्या विड्याच्या पानांचा खटला याच वाटेनं गेला होता. वनस्पती आहे म्हणून पान ही भाजी, सबब विक्रीकर नको, असा युक्तिवाद झाला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. बाजारात लोक भाजी कशाला म्हणतात, हे न्यायालयानं पाहिलं. वनस्पतिशास्त्राला विचारलं नाही. ते योग्यच झालं, कारण कर पानाच्या पेशींवर नव्हता, माणसांच्या व्यवहारावर होता.

मात्र वर्ग माणसानं ठरवायचा असेल, तर तो माल बोटीत चढण्याआधी कळला पाहिजे. नंतर ठरलेल्या वर्गाचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो, त्याच्यावर तो अन्यायच आहे. त्यासाठी सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाची सोय आहे, मुंबईतही. कोको बटर, साखर आणि दुधाचं प्रमाण कागदावर मांडून आयातदार तिथे हेडिंग आधीच विचारू शकतो, आणि मिळालेला निर्णय त्याच्याइतकाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांवरही बंधनकारक असतो.