पुनरुक्तीची नैतिकता

इंग्रजीतील ‘अगेन अँड अगेन’ या पदबंधाचे ‘पुन्हा आणि पुन्हा’ हे शब्दशः रूप मराठी गद्यात आता रुळू लागले आहे. वस्तुतः मराठी द्विरुक्तीला उभयान्वयी अव्ययाची गरज नसते. ‘पुन्हा पुन्हा’, ‘रोज रोज’ ही रूपे स्वयंपूर्ण आहेत. भाषाशुद्धीचा हा आक्षेप रास्त असला, तरी मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. अनेकवार भोगलेले दुःख एका क्रियाविशेषणात मिटवून टाकण्याचा अधिकार लेखकाला कितपत आहे, हा तो प्रश्न होय.

मराठीजवळ यासाठी रीतिभूतकाळही आहे. ‘करी’, ‘जाई’, ‘देई’ ही रूपे ज्ञानेश्वरीच्या भाषेत वर्तमानकाळाची होती. आज ती गतकाळातील रीत दर्शवितात. ‘आजी गोष्टी सांगे’ या वाक्यात रीत आजीचीच असते. परंतु जिथे रीत एकाची आणि भोग दुसऱ्याचा, तिथे हा काळ फसवा ठरतो.

कोल्हापूर संस्थानातील हजेरीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. महार, मांग, रामोशी, बेरड आदी जातींवर हजेरीची सक्ती होती. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये ती बंद केली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ मध्ये आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द होण्यास मात्र १९५२ साल उजाडावे लागले. ‘हे लोक हजेरी देत’ असे लिहिताच सक्ती ही त्यांची सवय भासू लागते. ‘पुन्हा पुन्हा हजेरी देत’ म्हटल्याने निवेदकाची सहानुभूती तेवढी वाढते. ‘हजेरी द्यावी लागे’ यात सक्ती उमटते. सक्ती करणारा मात्र वाक्याबाहेरच राहतो.

यावर असे म्हणता येईल की, प्रत्येक दिवसाची नोंद अशक्य आहे. शिवाय सुटा प्रसंग अपवाद म्हणून झटकला जातो, व्यवस्थेचा दोष पुनरावृत्तीतूनच सिद्ध होतो. हे मान्य करावेच लागते. म्हणूनच सामान्यीकरण त्याज्य नसून, त्याला प्रसंगाचे तारण हवे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) पोलिसी जाच प्रसंगाप्रसंगांतून येतो, तेव्हा त्याची वारंवारता वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही.

तात्पर्य, ‘आणि’ घातला की गाळला, हा दुय्यम मुद्दा होय. ‘पुन्हा पुन्हा’ लिहिण्यापूर्वी त्यांपैकी एक तरी वेळ, ती भोगणारा माणूस आणि ती लादणारा हात लेखकाने दाखविला आहे काय, हे समीक्षेने तपासले पाहिजे.